कणगीतला सर्व्हर

आमच्या भावजींसारखा मागच्या बाजूने सुरुवात करणारा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात दुसरा सापडायचा नाही. लोक घर बांधतात ते दारापासून आणि जेवायला बसतात ते पहिल्या घासापासून. भावजींचं सगळं मागून. एकदा त्यांच्या मनाने घेतलं की जव्हारजवळचा शिरपामाळ बघायला एवढी माणसं येतात, तर तिथे चहाची टपरी टाकावी. मग चार दिवस खपून त्यांनी काय केलं, तर पेले विसळायचा खड्डा खणला. त्याला दगड लावले, पाणी वाहून जायला उतार काढला. टपरी नाही, चूल नाही, एक पेलासुद्धा नाही, खड्डा मात्र तयार. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, पाया महत्त्वाचा." मुलगी बघायला गेले तेव्हाही तेच. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर नवरदेव परसात विहिरीवर वाकून पाणी किती खोल आहे ते बघत होते. मुलीने आत जाऊन आईला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण चहा थंड व्हायच्या आत आम्ही परतीच्या वाटेला लागलो होतो. ती पोरगी शहाणी होती असं मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. कॉम्प्युटरचं शिकले, ठाण्याला एका ऑफिसात पाच-सहा वर्षं होते. ते ऑफिस बंद पडलं आणि हे लॅपटॉप घेऊन जामसरकडच्या आमच्या पाड्यावर परत आले. लॅपटॉप आणला तो कसा, तर पोटाशी धरून, टॉवेलात गुंडाळून. ओली बाळंतीण बाळाला इतकं जपत नाही. घराच्या मागे मोहाच्या झाडाखाली एक उंचवटा आहे, तिथेच फोनला रेंज येते. भावजी दिवसभर तिथे छत्री उघडून बसायचे. कामाला बोलावलं की हात वर करून थांबा म्हणायचे, जणू त्यांच्या पुढ्यात देव प्रसन्न होत होता. माणसांशी बोलताना त्यांना शब्द जड व्हायचे, म्हणून ते आकड्यांत बोलायला लागले. यंत्राचे म्हणे असे ठरलेले आकडे असतात. भाकरी वाढू का विचारलं आणि त्यांना हवी असली तर "दोनशे", म्हणजे हो. कोयता कुठे ठेवला विचारलं तर "चारशे चार", म्हणजे सापडत नाही. पोट बिघडलं की "पाचशे" म्हणून कुशीवर वळायचे. आमच्या सासूबाई अंगठा उठवणाऱ्या, पण महिनाभरात त्यांनाही सवय लागली. संध्याकाळी कोंबड्या कोंडताना शेजारणीला सांगायच्या, "तांबडी कोंबडी आज चारशे चार झाली गं." शिकलेल्या माणसाने घरात काय आणलं म्हणाल, तर हे आणलं.

आता खरं सांगायचं ते सावडीचं. आमच्या पाड्यावर चौदा घरं. भाताची आवणी, म्हणजे रोपं लावायचं काम, एकट्या घराने होत नाही. मी आणि सासूबाई दोघींनीच लावायचं म्हटलं तर आमच्या एका खाचराला दहा दिवस लागतील, आणि आमचे हे बोईसरला कंपनीत, सुट्टीला येणार नि जाणार. म्हणून आज चौदा घरच्या बायका एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. हीच सावड. पण कुणाचं खाचर आधी आणि कुणाचं मागून, यावर सगळं असतं. कुणाच्या खाचरात ओहोळाचं पाणी कायम असतं, कुणाचं माळावर, त्यात पाऊस पडला की दोन दिवस पाणी ठरतं आणि मग भेगा. कुणाचं रोप लवकर वाढतं, कुणाचं मागे राहतं. रोप जास्त दिवस राबात, म्हणजे पेरल्या वाफ्यात, राहिलं की त्याला कांडं धरतं, मग ते लावून उपयोग नाही, फुटवे येत नाहीत. हा क्रम शेजारची भीमामावशी लावायची. रोज सकाळी बांधाबांधाने फिरायची, वाकून रोपाला हात लावायची आणि सांगायची, आज इथे. तिच्या शब्दावर कुणी बोलायचं नाही. त्या वर्षी तिचा गुडघा गेला. दारातून ओट्यावर यायला तिला दोन माणसं लागायची, चढ-उताराची खाचरं कुठून फिरणार. आमचं खाचर तर माळावरचं, सगळ्यात वर. मावशी दर वर्षी आमचा दिवस पहिल्या तिनात धरायची. वर्षभराचं खाणं त्या एका तुकड्यात, त्यामुळे त्या वर्षी मला मिरगाच्या आधीपासूनच धास्ती होती.

पाड्याची बैठक बसली, तर भावजी उठून उभे राहिले. मी सासूबाईंच्या मागे बसले होते, तिथेच मान खाली घातली. म्हणाले, क्रम मी लावून देतो, यंत्राने, म्हणजे भांडण नको. पुरुषमाणसांना भांडण नको हे ऐकून बरं वाटलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. बायकांना कुणी विचारलं नाही, आणि वाकायचं मात्र बायकांनीच.

घरी येऊन मी विचारलं की नक्की काय करणार. म्हणाले, सावडीसाठी बॅकएंड उभा करतो, एपीआय देतो. मला कळलं नाही म्हणून त्यांनी हॉटेलचा दाखला दिला. गिऱ्हाईक पुढे बसतं, स्वयंपाकघर मागे असतं, ते दिसत नाही. गिऱ्हाइकाने मागितलेलं आत सांगायचं आणि आतलं बाहेर आणून द्यायचं हे वेटरचं काम. स्वयंपाकघर म्हणजे बॅकएंड आणि वेटर म्हणजे एपीआय. मी जन्मात दोनदा हॉटेलात बसले आहे, दोन्ही वेळा जव्हारच्या एसटी डेपोसमोर, आणि दोन्ही वेळा वेटरने मागितलं ते आणलं नाही. तसं मी त्यांना सांगितलं. मग विचारलं, पुढे गिऱ्हाईक बसायची जागा कुठे आहे. म्हणाले, "ती पुढची बाजू. ते माझं काम नाही." शिरपामाळचा खड्डा मला दिसायला लागला होता.

सगळं स्वतः करायचं नसतं, असंही त्यांनी मला समजावलं. इंटरनेटवर तयार सांगाडा मिळतो, स्टार्टर म्हणतात, तो उतरवून घ्यायचा आणि आपल्याला हवं ते त्यात भरायचं. सांगाडा उतरायलाच त्यांना दोन दिवस लागले, कारण अर्धा उतरला की मोहावर वारा सुटायचा आणि रेंज जायची. आला तेव्हा कळलं की तो कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या मापाचा. त्यात नाव नोंदवायची खोली, कुलपाची खोली, फोटो ठेवायची खोली, हजारो माणसांना एका दमात पत्रं पाठवायची सोय. आमची घरं चौदा, हाकेच्या अंतरावर. भावजी मात्र हरखून एकेक खोली उघडून बघत होते. मग प्रश्न आला हे यंत्र ठेवायचं कुठे. सर्व्हरला म्हणे ओल चालत नाही, आणि आषाढात आमच्याकडे भिंतीलासुद्धा बुरशी येते. घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे भाताची कणगी. त्या दिवसांत ती तळापर्यंत उतरलेली असते. भावजींनी कणगीत पाट टाकला, पाटावर लॅपटॉप ठेवला, वरून वायर सोडली. लाइट गेली की भावजी कणगीत डोकं घालून बॅटरी किती उरली ते बघायचे, बाहेर फक्त पाय. सासूबाई दर शुक्रवारी कणगीला हळदकुंकू वाहतात, ते त्या आठवड्यापासून लॅपटॉपलाही लागायला लागलं. भाताच्या जागी यंत्र बसलेलं बघून मला बरं वाटलं नाही, पण त्या घरात माझं ऐकतं कोण.

सांगाडा उभा राहिला त्या दिवशी भावजींनी समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. भीमामावशीलाही खुर्चीत बसवून आणली. लॅपटॉप स्टुलावर ठेवला, बटणं दाबली, आणि पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. एवढीच. भावजींचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता पेढे वाटतात. त्यांनी सांगितलं, या ओळीचा अर्थ, सर्व्हर चालू आहे. सगळे त्या ओळीकडे बघत राहिले. मग भीमामावशी म्हणाली, "आन पुढं?" भावजी म्हणाले, पुढे काही नाही, आज एवढंच. मावशी म्हणाली, "मंग मला घरी ठेवा. माझी पेज उतू जायची."

नंतर त्यांनी चौदा घरं यंत्रात भरली. यादी निघाली, पण ती बघायची कुणी आणि कशात, पुढची बाजू तर नव्हतीच. म्हणून भावजी जव्हारला जाऊन ती कागदावर छापून घेऊन आले. झेरॉक्सच्या दुकानातले चाचा भले माणूस. त्यांनी कागद उलटासुलटा करून विचारलं, "भाई, ये सब बरोबर है ना, के मशीन में शाई फुटली?" त्यांचा काही दोष नाही. नावाच्या आधी कंस, नावाच्या मागे कंस, आणि कंस तरी कसले, मिशा पिळल्यासारखे. मध्ये मध्ये टिंबं, स्वल्पविराम, नावांना चिमटे. हा कागद समाजमंदिराच्या भिंतीवर लागला. शिवाय पहिल्या घराच्या नावाखाली, मदतीला कोण येणार त्या ओळीत, "टेस्ट एक" आणि "टेस्ट दोन" अशी दोन माणसं. यंत्र चालतं का बघायला भावजींनी खोटी नावं घातली होती, ती काढायची राहिली. त्या घरची सून बिचारी भोळी. तिला वाटलं मोखाड्याकडून कुणी पाहुणे मदतीला येणार. तिने त्या दोघांच्या वाटणीच्या नागलीच्या चार भाकरी जास्त केल्या आणि दुपारपर्यंत झाकून ठेवल्या. शेवटी त्या भावजींनीच खाल्ल्या, लोणच्याबरोबर, आणि वर म्हणाले की चाचणी यशस्वी झाली.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण पाण्याला जाताना मी तो कागद वाचला. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला वाचायला वेळ लागतो, आणि त्या मिशांमधून नावं शोधायची म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखं. बोट लावून एकेक घर वाचत खाली आले. आमचं घर सापडेना. सापडलं ते शेवटी. चौदावं.

कळशी खाली ठेवून मी पुन्हा बोट लावून वाचलं. चौदा दिवसांनी माळावर रोप नाही, पेंढा लावावा लागला असता.

जेवायला वाढताना मी विचारलं. सासूबाई समोर होत्या म्हणून आवाज खालीच ठेवला. आमचं घर शेवटी कसं, हे यंत्राने काय बघून ठरवलं. भावजी म्हणाले की यंत्र अजून काही बघत नाही, तो भाग पुढे करायचा आहे. सध्या ज्या क्रमाने घरं भरली त्याच क्रमाने ते परत देतं.

"मग आपलं घर तुम्ही शेवटी का भरलं?"

भावजींनी घास खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही लाजिरवाणं बोलले होते. "वहिनी, लिहिणारा मी. आपल्याच घराचं नाव आधी कसं घालू? बरं दिसतं का ते?"

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांना त्यात काही चुकीचं दिसलं नाही, कारण आमच्यात पंगत वाढणारा शेवटी जेवतो, आणि त्यांनीच भावजींना तसं वाढवलं. मला मात्र ताट उचलून परसात फेकावंसं वाटलं. इतकी वर्षं ठाण्यात राहिले, इंग्रजीतली जाड पुस्तकं वाचली, आणि लोखंडाच्या डब्याशी बसूनही यांची रीतभात सुटली नाही. डब्याला काय कळतं, हा माणूस भिडेपोटी मागे बसला आहे. मी म्हटलं, मग आता बदला. तर म्हणाले, आता बदललं तर लोक म्हणतील यंत्रसुद्धा आपलंच घर बघतं. आणि खरं सांगायचं तर, लोक तसं म्हणाले असते. म्हणून तर माझा राग जास्त झाला.

पहिले तीन दिवस यादीप्रमाणे गेले. मी रोज दुसऱ्यांच्या खाचरात वाकत होते आणि डोळे वर माळाकडे. आमच्या खाचरात तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. चौथ्या दिवशी पावसाने उघडीप दिली. पाचव्या दिवशी बांधाजवळचा चिखल पांढरा पडला. भावजी मोहाखाली बसून यंत्रात नवीन काहीतरी जोडत होते, पाणी किती, उंची किती, रोपाचं वय किती, हे सगळं आता ते विचारणार होतं. मी विचारलं किती दिवस लागतील. म्हणाले आठवडा. मी राबात जाऊन एक रोप उपटलं, मोहाखाली नेऊन त्यांच्या मांडीवर, त्या लॅपटॉपच्या बटणांवर ठेवलं. म्हटलं, "याला विचारा आठवडा थांबतंय का." लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

भावजी थोडा वेळ रोपाकडे बघत बसले. मग लॅपटॉप मिटला, घरात येऊन कणगीत ठेवला आणि सरळ भीमामावशीच्या ओट्यावर गेले. तिला विचारायला लागले की क्रम कसा लावतेस, नियम सांग. मावशी म्हणाली, "मला काय ठावं. बघलं का कळतं." भावजींनी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, मावशीने तीनदा तेच सांगितलं. तेव्हा भावजींनी तिच्यासमोर उकिडवं बसून पाठ केली आणि म्हणाले, चल मग, बघायला.

एवढा तिशी ओलांडलेला बाप्या मावशीला पाठकुळी घेऊन बांधाबांधाने फिरला. ते दृश्य बघायला सगळा पाडा गोळा झाला. मावशी काही हलकी नाही. भावजींचा श्वास भात्यासारखा वाजत होता. उताराला घसरले की मावशी त्यांच्या टाळूवर टपली मारायची आणि म्हणायची, "बैलाला तरी वळन असतां." त्यांचे हात तिच्या पायांत अडकलेले, म्हणून वही माझ्याकडे. मी मागून चालत ती सांगेल ते लिहीत होते. याला ओहोळाचं पाणी हाय, थांबंल. हे रोप मान टाकतंय, याला परवा. ही बाई बाळंतीण, हिचं सोमवारी नको. यातलं एकही त्या सांगाड्याच्या कुठल्या खोलीत नव्हतं.

सगळ्यात शेवटी ते आमच्या माळावर चढले. भावजींनी मावशीला बांधावर उतरवलं आणि स्वतः आडवेच झाले. मावशी बसल्या बसल्या सरकत राबापर्यंत गेली, रोपाला बोटं लावली, एका बाजूचं, मग दुसऱ्या बाजूचं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अर्धं गेलंय. अर्धं हाय. पाऊस आला का पयलं हे." मी ते वहीत लिहिलं. आपल्याच घराचं नाव वर लिहायचं, तर भावजींसारखी मलाही भीड पडली.

पाऊस दोन दिवसांनी आला आणि तेरा घरच्या बायका आमच्या खाचरात उतरल्या. अर्धं खाचर लागलं. उरलेल्या अर्ध्यात मागाहून उडीद टाकला. त्या वर्षी आम्ही माघातच विकतच्या तांदळावर आलो, आणि चूक कुणाची ते मी भावजींना रोज वाढताना ऐकवलं. ते मुकाट जेवायचे. माझ्या वहीतलं सगळं त्यांनी यंत्रात भरलं, मावशीच्याच शब्दांत. पुढे तेच दाखवून त्यांना ठाण्याला पुन्हा नोकरी लागली. तिथल्या साहेबांनी म्हणे विचारलं, "रोप मान टाकतंय" हा रकाना कुणी ठरवला. भावजी म्हणाले, आमच्याकडे एक सीनियर आहेत, त्यांचा गुडघा दुखतो.

आता कणगी मोकळी आहे आणि मोहाखाली कुणी बसत नाही. घरात सगळं जिथल्या तिथे सापडतं. मावशी ओट्यावरून उठत नाही. सकाळी मीच बांधाने फिरते आणि भावजींना फोनवर सांगते, कुठे पाणी आहे, कुठे रोप काय म्हणतंय. ते तिकडे भरतात आणि यादी पाठवतात. ती यादी मी सांगितलेलीच असते, हे त्यांनाही माहीत आहे. या वर्षी वरच्या खाचराच्या आवणीला मी त्यांना फोन केला, पाणी भरपूर आहे, आज लावतोय म्हणून सांगितलं आणि ठेवायला लागले. तर म्हणाले, "ठेवू नका वहिनी. फोन तसाच बांधावर राहू द्या थोडा वेळ."

मी म्हटलं, इथे ऐकण्यासारखं काय आहे, बायका आहेत, बेडूक आहेत, चिखल आहे. माणसाला रिकामे उद्योग असावेत तरी किती. मी फोन एका दगडावर ठेवला, वरून इरलं झाकलं आणि वाकले. लावायची पात अर्धी होईपर्यंत विसरूनही गेले. परत आले तेव्हा फोन चालूच होता. तिकडे ऑफिसात कुणीतरी त्यांना नावाने हाका मारत होतं, आणि ते ओ देत नव्हते.